मागची होडी

मुहर्रक, बहरीन
१४ नोव्हेंबर १९७६

ती. मंगलाआक्कास,
दत्तारामाचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्राला उशीर झाला म्हणून तू रागावली असशील. रागाव, पण आधी नवा पत्ता उतरवून घे. आता मी मुहर्रकच्या जुन्या बाजारामागे राहतो. घर प्रशस्त आहे, वारा छान येतो, आणि विमानतळ इतका जवळ की उतरणाऱ्या विमानाच्या खिडक्या मोजता येतात. सोबतीला माझ्याच कामावरचा दाभोळचा शब्बीर आहे. मासे तो तुझ्यापेक्षा बरे करतो. हे त्याला सांगितलेलं नाही, चढून बसेल.

मुंबईची गोदी सोडून तिथे जाऊन काय दिवे लावतोस, असं तू विचारलं होतंस. तर ऐक. इथे समुद्र बुजवून गोदी बांधायचं काम चाललं आहे. किनाऱ्यापासून काही मैल आत भराव घालत नेला आहे आणि त्याच्या टोकाला गोदी. तेलाची जहाजं त्यात दुरुस्तीला येणार. केवढी मोठी म्हणशील तर आपलं अख्खं गिर्ये, रामेश्वराच्या देवळासकट, आत उभं राहील. पैसा अरब देशांनी मिळून घातला आहे, बांधणारे कोरियन, शिकवणारे पोर्तुगीज आणि घाम गाळायला आपण.

आमचा म्हातारा घरमालक तरुणपणी मोत्यांसाठी बुड्या मारायचा. तो म्हणतो, या बाजूला तेल पहिल्यांदा आमच्याकडे निघालं आणि पहिल्यांदा आमचंच आटणार. म्हणून इथल्या सरकारची घाई. आपलं संपायच्या आत दुसऱ्यांच्या तेलावर जगायची सोय करून ठेवायची. मला हे पटतं.

माझं काम वायू तपासायचं. तेल उपसलं तरी जहाजाच्या टाकीत वायू राहतो. तो दिसत नाही. एक ठिणगी पडली की खलास. म्हणून आधी मी यंत्र घेऊन एकटा आत जायचं, सगळे कोपरे बघायचे आणि मग चिठ्ठीवर सही करायची. माझ्या सहीशिवाय कोणी आत उतरायचं नाही. सातवी पास माणसाच्या सहीला एवढी किंमत आली आहे बघ. सध्या त्याचं शिक्षण चाललं आहे.

राजन दहावीला बसणार ना? भावोजी नाहीत म्हणून त्याचं काही अडणार नाही. मामा बसला आहे इथे.

तुझा
दत्ता


गिर्ये, ता. देवगड
९ जानेवारी १९७७

चि. दत्तारामास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं, आणि पाठोपाठ दाभोळचा तो शब्बीरचा चुलतभाऊ रजेवर आला तोही भेटून गेला. त्याने सांगितलं की तुझ्या प्रशस्त घराच्या एका खोलीत नऊ माणसं झोपतात आणि वारा म्हणजे पंखा, तोही बंद आहे. तू असा का रे? मला काय कळणार नव्हतं?

लहानपणापासून तुझं हेच. बाबांची म्हैस कड्यावरून पडून मेली, तू डोळ्यांनी बघितलंस, आणि घरी येऊन म्हणालास, चरत लांब गेली. दोन दिवस बाबा हाका मारत कातळाच्या सड्यावर फिरले. त्यांना वाईट वाटू नये म्हणून तू तसं बोललास, हे मला तेव्हाही कळलं होतं. पण दोन दिवस म्हातारा माणूस उन्हात फिरला, ते कोणी बघायचं? मला वाईट काय ते वाईट म्हणूनच लिहीत जा. मी नवरा पोचवलेली बाई आहे, ऐकून पडणार नाही.

राजनचा अभ्यासात जीव नाही. दिवसभर बंदरावर असतो. तुझं पत्र त्याने चारदा वाचलं. गोदीत गिर्ये मावतं हे त्याने शाळेत मास्तरांनाही सांगितलं.

तब्येतीला जप.

तुझी
आक्का


मुहर्रक
२० मार्च १९८३

ती. आक्कास दत्तारामाचा शि. सा. नमस्कार.

आज तुला खरोखरची चांगली बातमी. राजनचं जहाज आमच्या गोदीत आलं आहे. तळ खरवडून रंगवायचा आहे, म्हणजे बारा दिवस तरी मुक्काम. दोन वर्षांपूर्वी मी त्याला जहाजावर लावला तेव्हा तू महिनाभर माझ्याशी बोलली नव्हतीस. आता इथे येऊन बघायला हवं होतंस. खांदे भरलेत, मिशी ठेवली आहे, पंपमनच्या हाताखाली काम करतो आणि इंग्रजीत शिव्या देतो.

शुक्रवारी त्याला बुसैतीनच्या किनाऱ्यावर फिरवून आणला. शब्बीरने हमूर मासा आणून कालवण केलं. पोराने एवढा भात खाल्ला की खोलीतले बाकीचे बघत बसले.

एरवी गोदीत सध्या शुकशुकाट आहे. जगात तेल जास्त झालं म्हणतात, भाव उतरलेत, आणि रिकामी जहाजं नांगर टाकून पडून आहेत. तेल महागलं तरी आम्हाला घोर, स्वस्त झालं तरी घोर. पण चालायचंच.

तू लढाईचं विचारलं होतंस. इराण आणि इराकची लढाई दोन वर्षांवर चालली आहे खरी, पण ती आखाताच्या पार वरच्या टोकाला. इथे रेडिओवर ऐकतो तेवढीच. राजनला मी माझ्या कामातली एक गोष्ट पक्की शिकवली आहे. जहाजाच्या तळाशी पंपरूम, म्हणजे पंपांची खोली असते, तिच्या दाराशी एक पाटी असते. आत जाताना आपल्या नंबराचा पितळी बिल्ला त्या पाटीवर अडकवायचा, बाहेर आलो की काढून घ्यायचा. पाटीवर बिल्ला दिसला म्हणजे माणूस आत आहे. पोरं कंटाळा करतात आणि तसेच उतरतात, आणि मग आत कोण राहिलं ते वरच्यांना कळत नाही. त्याच्याकडून मी ते दहा वेळा वदवून घेतलं. शेवटी म्हणाला, "मामा, मी आता शेंबडो नाय." म्हटलं, माझ्यासाठी आहेसच.

त्याच्यासाठी मुलगी बघायला हरकत नाही.

तुझा
दत्ता


गिर्ये
२ सप्टेंबर १९८५

चि. दत्तारामास आशीर्वाद.

लग्न आटोपून तू गेलास आणि घर सुनं झालं. राजन जुलैत गेला. हेमा गुणाची आहे. कणकवलीची मुलगी म्हणून मला वाटलं होतं खारट वाऱ्याला कंटाळेल, पण रुळली. अंगणात तिने तुझ्या नावाने अबोली लावली आहे, मामांनी कुंडीचे पैसे दिले म्हणून.

आता कामाचं. राजनने नव्या जहाजावरून पत्र घातलं आहे. त्यांचं जहाज इराणच्या एका बेटावर जाऊन तेल भरतं. रेडिओवर रोज सांगतात, अमक्या जहाजावर हल्ला, तमकं जळालं. तू म्हणाला होतास लढाई वरच्या टोकाला आहे. तर मग हे बेट कुठे आलं? मी शाळेतल्या महादेव मास्तरांकडे जाऊन नकाशा बघितला, दत्ता. ते वरच्याच टोकाला आहे.

मी सांगून तो ऐकत नाही. "आये, मामा आसा मां थंय, तू कित्याक भियातस?" असं म्हणतो. तू म्हणालास तर उतरेल. तू त्याला लिही.

तुझी
आक्का


मुहर्रक
६ ऑक्टोबर १९८५

ती. आक्कास शि. सा. नमस्कार.

तू उगाच जिवाला लावून घेऊ नकोस. शंभर जहाजं जातात तेव्हा एखाद्यावर काही होतं, आणि रेडिओ त्या एकाचंच सांगतो. राजनचा करार मार्चमध्ये संपतो. मधेच उतरला तर कागदावर डाग लागतो, पुढे कोणी घेत नाही. मार्च झाला की मी स्वतः त्याला दुसऱ्या मार्गाच्या जहाजावर लावून देतो. पाच महिने तर राहिले.

आमच्याकडे आता कामाला उसंत नाही. लढाईत फुटलेली, जळालेली जहाजं ओढून आणतात ती आमच्याकडेच. दोन वर्षांपूर्वी रिकामी पडलेली गोदी आता भरलेली आहे. कसल्या कामाने भरली ते मनात येतं, पण काम ते काम.

हेमाला आशीर्वाद.

तुझा
दत्ता


गिर्ये
२ मार्च १९८६

चि. दत्ता,

मुंबईच्या एजंटाची तार आली. २६ फेब्रुवारीला जहाजावर हल्ला झाला. बाकीचे खलाशी सापडले, तिघे बेपत्ता. राजन त्यात आहे. दुसरं काही लिहिलेलं नाही.

पांडुरंगाला, आमच्या धाकट्या दिरांच्या मुलाला, मुंबईला पाठवलं होतं. एजंट त्याला म्हणाला की जहाज विझवून बहरीनला ओढून नेताहेत. म्हणजे तुझ्याच गोदीत येणार. दत्ता, तू आत जा आणि बघ. तुझ्याआधी कोणी आत जात नाही म्हणतोस ना? बघ आणि मला लिही. जे असेल ते लिही.

हेमा जेवत नाही.

आक्का


मुहर्रक
२२ मार्च १९८६

ती. आक्कास दत्तारामाचा शि. सा. नमस्कार.

जहाज आलं. मी आत जाऊन आलो. सगळं बघितलं.

आक्का, धीर धर. राजन आत नव्हता. जहाजाच्या मागच्या अंगाला जीव वाचवायच्या दोन होड्या असतात. त्यातली एक होडी जागेवर नव्हती. दोर खाली सोडलेले होते. म्हणजे कोणीतरी ती होडी पाण्यात उतरवून निघालं, आणि बेपत्ता तिघेच आहेत. तिथून इराणचा किनारा जवळ आहे. अशा सापडलेल्या माणसांना ते लोक धरून ठेवतात, चौकशी करतात, लढाई चालू असेतो सोडत नाहीत. अशी उदाहरणं आहेत.

तेव्हा वाट बघावी लागेल, पण वाट बघण्यासारखं आहे. हेमाला सांग. तिला जेवायला लाव.

मी मेमध्ये रजा काढून येतो. तेव्हा समक्ष बोलू.

तुझा
दत्ता


गिर्ये
२५ ऑगस्ट १९८८

चि. दत्तारामास अनेक आशीर्वाद.

लढाई थांबली. रेडिओवर सांगितलं तेव्हा मी चुलीपुढे होते, तशीच उठून देवळात गेले. आता धरलेली माणसं सोडतील असंही सांगितलं. महादेव मास्तरांच्या मदतीने मी दिल्लीला पुन्हा अर्ज धाडला आहे. मागचं उत्तर आलं होतं की यादीत असं नाव नाही, पण दुसऱ्या देशाच्या लोकांना आपलं नाव नीट लिहिता कुठे येणार?

दोन वर्षं सहा महिने झाले. तू ती होडी बघितली नसतीस तर मी कधीच हाय खाल्ली असती. रात्री डोळा लागत नाही तेव्हा त्या सोडलेल्या दोरांचा विचार करते आणि झोपते.

तुला एक सांगायचं राहिलं. वैशाखात महादेव मास्तरांनी हेमाला मागणी घातली होती. माणूस सज्जन. तिचा भाऊही कणकवलीहून आला होता, म्हणाला, पोरीने किती दिवस बसायचं? मी साफ सांगितलं, तिचा नवरा जिवंत आहे, मामांनी डोळ्यांनी बघितलं आहे. मास्तरांनी मान खाली घातली आणि माफी मागितली. ज्येष्ठात त्यांचं लग्न झालं, मुणग्याची मुलगी केली. मास्तर गेल्यावर हेमा उठून गोठ्यात गेली. तिला माझा राग आला असेल. राजन आला की जाईल.

त्याच्या खोलीला पांढरा रंग काढून घेतला. तू कधी येतोस? दोघं मिळूनच या.

तुझी
आक्का


गिर्ये
२६ ऑगस्ट १९८८

ती. मामांस,
हेमाचा शिरसाष्टांग नमस्कार.

आई काल तुम्हाला पत्र लिहून झोपल्या. हे मी वेगळं टाकते आहे, त्यांना ठाऊक नाही.

नावाआधी सौ. लिहायचं की नाही हे मला कळत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं.

मामा, गेल्या वर्षी तुम्ही रजेवर आलात. आपण सगळे देवळात गेलो. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "राजन जंय आसात थंयसून त्येका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा." सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. आईंनी तर हाक मारल्यासारखं म्हटलं. मी तुमच्या मागेच उभी होते. तुम्ही म्हटलं नाही. तीन वेळा गुरव थांबला, आणि तीन वेळा तुमचे ओठ हलले नाहीत.

घरी आल्यावर आईंनी तुम्हाला होडीचं पुन्हा विचारलं. तुम्ही सगळं जसंच्या तसं सांगितलंत, पण माझ्याकडे न बघता.

त्या दिवसापासून मी मनात धरून आहे. कोणाला बोलले नाही. मी लग्नानंतर दोन महिने त्यांच्यासोबत राहिले, मामा. आता मला त्यांचा आवाज आठवायला बसावं लागतं. मास्तरांचं झालं ते झालं, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण ज्याची वाट बघते तो आहे की नाही, एवढं मला समजायला हवं. देवापुढे तुम्हाला खोटं बोलवलं नाही. माझ्यापुढेही बोलू नका.

हेमा


मुहर्रक
१२ सप्टेंबर १९८८

ती. आक्कास दत्तारामाचा शिरसाष्टांग नमस्कार.

मागची होडी जागेवर होती. जळून काळी झाली होती, पण जागेवर होती. दोर सुटलेले नव्हते. मी तुला लिहिलं ते खोटं होतं. राजन गेला, आक्का. हल्ला झाला त्याच दिवशी गेला.

आता सगळं लिहितो. तू जे असेल ते लिही म्हणाली होतीस, ते अडीच वर्षांनी लिहितो आहे.

जहाज ११ मार्चला आलं. आत आधी मी गेलो. शब्बीर वर दोर धरून होता. पंपरूमच्या दाराशी बिल्ल्यांची पाटी होती. सगळे खिळे रिकामे, एकावर बिल्ला. पितळ काळं पडलं होतं, आकडा बोटाने चाचपून लागला. सतरा. राजनने मला पत्रात लिहिलं होतं की मामा, माझा नंबर सतरा. तरी मी वर येऊन कचेरीतली यादी बघितली. सतरापुढे त्याचंच नाव होतं.

तो आत होता. मी शिकवलं तसं बिल्ला अडकवून आत गेला होता. हल्ला त्याच बाजूला झाला. पंपरूमच्या भिंतीला आपल्या पडवीएवढं भगदाड पडलं होतं आणि पंधरा दिवस त्यातून समुद्र आत-बाहेर करत होता. आत काही उरलं नव्हतं. मी सगळा गाळ हाताने उपसून बघितला. दिवसभर बघितला. बाकीच्या दोघांचंही काही मिळालं नाही.

मग मी पाटीवरचा बिल्ला काढला आणि खिशात घातला. शब्बीर म्हणाला, "दत्ताभाय, परत अडकवा. चौकशीवाल्यांना बघू द्या." मी ऐकलं नाही. तो तिथे लटकलेला मला बघवेना. आणि खरं सांगायचं तर मनात असंही आलं की हा कोणी बघितलाच नाही, तर राजन गेला असं कोणाला म्हणता येणार नाही. चौकशीवाले आले, पाटी रिकामी. त्यांनी लिहिलं, बेपत्ता. शब्बीर तीन दिवस माझ्या ताटाला बसला नाही.

तुला होडीचं लिहिलं ते समक्ष येईपर्यंत धीर राहावा म्हणून. मेमध्ये येऊन सांगणार होतो. त्या वर्षी तेलाचा भाव निम्म्यावर आला, माणसं काढली, रजा रद्द झाल्या. पुढच्या वर्षी आलो. तू ओटीवर बसून त्याच्या सदऱ्याला काजं करत होतीस. म्हणालीस, आता त्याचं माप वाढलं असेल का रे? त्यानंतर प्रत्येक दिवशी सांगणं आणखी कठीण होत गेलं.

मास्तरांचं वाचलं आणि मला कळलं की मी काय केलं. हेमाला मी बांधून ठेवलं. त्या पोराला जहाजावर मी लावलं, मार्चपर्यंत थांब असंही मीच म्हटलं, आणि मेल्यावर त्याचं मरणही मी खिशात घालून बसलो.

परवा मी बिल्ला जहाजाच्या इथल्या एजंटाकडे दिला आणि सगळं लिहून सही केली. आता मृत्यूचा दाखला निघेल असं ते म्हणतात. माझ्या नोकरीचं काय व्हायचं ते होवो.

हेमाला हे तूच सांग, किंवा तिला वाचायला दे. तिने विचारलं नसतं तर मी आजही लिहिलं नसतं. तिचे उपकार मान.

क्षमा कर असं लिहायची माझी लायकी नाही. तू बोलावलंस तर पहिल्या विमानाने येतो.

दत्ता


गिर्ये
१२ ऑक्टोबर १९८८

चि. दत्ताराम,

तुझं पत्र २८ तारखेला आलं. मला चष्मा सापडेना म्हणून हेमाने वाचायला घेतलं. पहिल्या ओळीनंतर थांबली. मी म्हटलं, काय गो? मग तिने पुन्हा सुरू केलं आणि शेवटपर्यंत एका आवाजात वाचलं. पत्राची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी ओतून आली.

मी रडले. तिला जवळ घेऊन रडले. तिचं रडणं आधीच होऊन गेलं होतं, असं तिने मला सांगितलं. गेल्या वर्षी देवळातून आल्यापासून ती गोठ्यात जाऊन एकटी रडायची, आणि मी तिला म्हणायची, तुझा नवरा यायचा आहे, असा सुतकी चेहरा करू नको. हे मी तिला बोलले आहे, दत्ता.

देह नसला की पळसाच्या पानांचा करतात. तीनशे साठ पानं लागतात. हेमा स्वतः सड्यावर गेली, दोन खेपा केल्या, आणि माजघरात बसून मोजली. मी म्हटलं, दोन कमी-जास्त झाली तर चालतात गो. ती म्हणाली, "नाय आई, पुरी होऊक व्हयी." भटजींनी त्याचा माणूस केला, डोक्याला नारळ लावला. मी त्याला अंघोळ घातली. पानांना अंघोळ कशी घालायची हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. राजन लहान असताना घालायची तशीच घातली, आधी पाय. अग्नी पांडुरंगाने दिला.

दोन पितृपक्ष गेले. दोन्ही वेळा मी त्याच्या बापाचं पान वाढलं आणि शेजारी त्याचं नाही. त्याच्या नावाने एक घास बाहेर ठेवला नाही. तो दाराशी येऊन उभा राहिला असेल आणि त्याच्या आईने त्याला जिवंत म्हणून उपाशी घालवला. बाकी सगळं मी समजून घेईन. तू का केलंस ते मला कळतं, तुझ्यापेक्षा जास्त कळतं. पण हे मला गिळवत नाही.

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी दहावा होता. खाडीवर पिंड ठेवला. गिर्येचे कावळे तुला ठाऊक आहेत, वाळत घातलेला बांगडा सोडत नाहीत. माडावर दहा-बारा बसले होते. एक खाली येईना. पांडुरंग म्हणाला, "काकी, हेमाचा बोल." मी हात जोडून म्हटलं, तिला मी मुंबईला नर्सिंगला घालते, आणि तिच्या मनात येईल तेव्हा मीच तिचं लग्न लावीन. एक कावळा खाली उतरला, पिंडाभोवती फिरला आणि परत माडावर जाऊन बसला.

मग पांडुरंग हळूच म्हणाला, "मामाचा बोल, काकी. मामाक दोष देवचंय नाय, असा म्हण. राजनचो जीव मामावर होतो."

मी तोंड उघडलं, दत्ता. खोटं सांगत नाही, उघडलं. शब्द आला नाही. हेमा पुढे होऊन म्हणाली, मामांवर माझा राग नाही. तरी कावळा आला नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. ऊन डोक्यावर आलं, पाणी चढायला लागलं, आणि मी तशीच उभी राहिले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला. पानांचा मुलगा आणि गवताचा कावळा, असं झालं माझ्या राजनचं.

हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून लिहिलं. हेमा सोमवारी मुंबईला जाईल. तू लिहिलेला तो दाखला तिला लागेल, ती पत्ता कळवील, निघाला की परस्पर तिच्याकडे पाठव.

तू येऊ का विचारलंस. आता येऊ नको. रोज सकाळी उठून मी तेवढं एक वाक्य म्हणून बघते. ज्या दिवशी तोंडातून निघेल त्या दिवशी तुला पत्र टाकीन, मग ये. मला एकसष्टावं चालू आहे, ते धरून चाल.

मंगला